हाकेला ओ देणाऱ्या हौसाबाई

हौसाबाईंचा मी तीन वर्षं मनापासून द्वेष केला. द्वेष कसला, निव्वळ जळफळाट. आता खोटं कशाला बोलू? वय झालं की माणसं अशा गोष्टी गोड करून सांगतात, ‘त्या माउलीचे उपकार’ वगैरे. मला ते जमत नाही. उपकार आहेतच, पण तेव्हा ते मला दिसत नव्हते. मला दिसत होतं ते एवढंच, की जिनं मला आयुष्यात कधी जवळ घेतलं नाही ती माझी आई या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून दुपारची झोपते.

कराडला लागूनच मलकापूर आहे. तिथं एका डॉक्टरबाईंनी आपल्या बंगल्यात म्हाताऱ्या माणसांसाठी निवास काढला होता. बारा खाटा, मागं उसाचा फड, पुढं लांबलचक व्हरांडा. साधी म्हातारी माणसं तिथं नव्हती, सगळी विसरलेली. नव्वदीचं दशक नुकतं लागलं होतं. ‘अल्झायमर’ हा शब्द आमच्या सांगलीत डॉक्टरांच्या तोंडीसुद्धा अडखळत यायचा. बाकी सगळे म्हातारचळ म्हणायचे आणि विषय संपवायचे.

माझी आई साताऱ्याला मुलींच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होती. सगळी गल्ली तिला ‘मोठ्या बाई’ म्हणायची. बाबा गेल्यावर ती तिथं एकटीच राहिली, ताठ. मग शेजारच्यांचं पत्र आलं: मोठ्या बाई रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहतात, शिपाई अजून कसा आला नाही म्हणून चिडतात. निवृत्त होऊन तिला बारा वर्षं झाली होती. मी तिला सांगलीला आणलं. दोन वर्षं सांभाळलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, नवरा दिवसभर ऑफिसात. कुलपं घालून झाली, मोलकरणी बदलून झाल्या. एकदा ती भर बाजारात अनवाणी सापडली, तेव्हा नवरा म्हणाला, कुंदा, आता आपल्याच्यानं होणार नाही. मी तिला मलकापूरला ठेवलं. पोटची लेक असून आईला तिथं ठेवलंस, हे मला किती जणींनी ऐकवलं त्याची गणती नाही. बोलणाऱ्या एकीनंही तिला एक दिवस आपल्या घरी नेलं नाही, ते सोडा.

पहिल्या दिवशी हौसाबाई दारातच भेटल्या. उंच, काळ्या, काटक. नऊवारी लुगड्याचा काष्टा, टाचांना भेगा, हनुवटीवर आणि दोन्ही भुवयांच्या मधोमध हिरवं गोंदण. दात मिश्रीनं काळे. कवठे महांकाळकडच्या, म्हणजे पाणी दिसलं की हात जोडणाऱ्या मुलखातल्या. नवरा सैन्यात हवालदार होता, तो वारला होता. मुलगा पलटणीत, सून कामाला जाऊ नका म्हणणारी. डॉक्टरबाईंनी ओळख करून दिली, या हौसाबाई, इथलं सगळं याच बघतात. मी मनात म्हटलं, ही बाई? हिला आईच्या आजाराचं नाव तरी म्हणता येईल का?

त्या मात्र आईकडं बघत होत्या. उंबऱ्याशी थांबून एकदा खोकल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. आईनं मान वर केली आणि एकदम कडक आवाजात विचारलं, घंटा का दिली नाही अजून?

“चुकलंच मोठ्या बाई. देते आत्ता,” म्हणून हौसाबाई आत गेल्या आणि खरोखर पितळी ताटावर पळी आपटून आल्या. आई उठली, पदर नीट केला आणि त्यांच्या मागोमाग आत चालत गेली. मी निरोप घ्यायचा म्हणून सकाळपासून रडू दाबून धरलं होतं. माझ्याकडं तिनं वळूनही बघितलं नाही.

उंबऱ्याशी थांबणं ही हौसाबाईंची रोजची रीत होती. कुठल्याही खोलीत त्या एकदम शिरायच्या नाहीत. खोकायच्या, थांबायच्या, समोरचं माणूस काय हाक मारतं ते ऐकायच्या. हाक आली की मग आपण आज कोण ते त्यांना कळायचं. कुणाची धाकटी जाऊ, कुणाची मोलकरीण, कुणाची मेलेली बहीण. मी एकदा टोचून विचारलं, तुम्हाला हे खोटं बोलणं जड नाही जात? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी कुटं बोलते ताई? ती हाक मारत्यात. आपून हाकंला ओ द्यायची.”

एक सुभेदार होते तिथं. सहा फूट उंच, मिशा पांढऱ्या, आंघोळीला घालायचं म्हटलं की अंगावर धावून यायचे. दोन गड्यांना त्यांनी ढकलून दिलं होतं. हौसाबाई दारात उभ्या राहिल्या, टाच टाचेवर आपटली आणि सांगितलं की उद्या सकाळी जनरलसाहेब येणार, पलटणीची पाहणी हाय. सुभेदार स्वतः टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीत गेले. पुढं रोज सकाळी जनरलसाहेब येणार असायचे. ते कधीच आले नाहीत आणि सुभेदारांनी कधी विचारलंही नाही. मला हसू यायला हवं होतं. पण मी व्हरांड्यात बसून मनात म्हणत होते, माझ्या घरी आईला आंघोळीला नेताना तिनं माझ्या दंडाला चावा घेतला होता, तेव्हा ही बाई कुठं होती?

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. विसरलेल्या माणसांशी बोलताना ‘न्हाई’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. स्वयंपाकिणीशी, दूधवाल्याशी, प्रसंगी डॉक्टरबाईंशीसुद्धा त्या तावातावानं ‘न्हाई म्हंजे न्हाई’ करायच्या, बंगला दणाणून जायचा. आत खोलीत गेल्या की आवाज खाली यायचा आणि नुसतं व्हय, व्हय, बगू की, करू की.

मी दर रविवारी जायची. सांगलीहून कराडची पहिली एसटी धरायची, हातात डबा, आईला आवडायचे म्हणून बेसनाचे लाडू. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, चष्मा. मी व्हरांड्यात पाऊल टाकलं की आई उठून उभी राहायची. घाईघाईनं केस सारखे करायची, हातातलं खाणं उशीखाली लपवायची आणि म्हणायची, या बाई, बसा, तिसरीचा वर्ग आज सहलीला गेलाय. पहिल्या वेळी मला कळलंच नाही. मग उमगलं. ती मला तपासणीला आलेली अधिकारी समजत होती.

दर रविवारी मी तिला दुरुस्त करायची. आई, मी कुंदा. तुझी मुलगी. ओळख बघू मला. मी कोण? नाव काय माझं? ती घाबरून हौसाबाईंकडं बघायची, फळ्यापुढं उभं केलेल्या मुलीसारखी. आणि मी अडून बसायची. शेवटी एक दिवस हौसाबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, “ताई, आल्या आल्या परीक्षा घिऊ नगा. त्या नापास हुत्यात आन मग सोमवारभर जेवत न्हाईत.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी हिच्याकडून शिकायचं? माझ्याच आईशी कसं बोलायचं ते? पण मनात दुसरंच ठसठसत होतं. माझ्यापुढं जी आई ताठ बसून घाम पुसत होती, तिला मी फाटकाबाहेर पडल्यावर एकदा खिडकीतून बघितलं होतं. हौसाबाईंनी माझ्याच लाडवाचा तुकडा तिच्या तोंडात घातला आणि ती खळखळून हसली. आई हसायची हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. लहानपणी गणितात अठ्ठ्याण्णव मिळाले तेव्हा तिनं दोन कुठं गेले असं विचारलं होतं. कधी चांगलं म्हणून पाठीवर हात नाही. मी तशीच तिची सेवा करत राहिले, आज ना उद्या म्हणेल म्हणून. आणि आता म्हणायची वेळ आली तर ती मलाच विसरली, आणि तिचा सगळा जिव्हाळा फुकट चालला होता एका परक्या बाईवर. हे पोटातलं कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, आई खूश आहे ना? पुरुषांना काही कळत नाही.

त्या बंगल्यात संध्याकाळ फार वाईट असायची. चार वाजून गेले की बाराही जणांना घरी जायचं असायचं. कुणी पिशवी भरायचं, कुणी फाटक हलवायचं, कुणी रडायचं. डॉक्टरबाई सांगायच्या, हे या आजारात सगळीकडंच होतं. दुसरीकडं अशा वेळी गोळ्या देतात, दारं लावतात. इथं हौसाबाई होत्या. त्यांची तऱ्हा मी एका रविवारी शेवटची एसटी चुकली म्हणून बघितली. ती चुकली नसती तर बरं झालं असतं.

आई पिशवी घेऊन व्हरांड्यात उभी होती. निघते मी वहिनी, म्हणाली, हे वाट बघत असतील. संध्याकाळी हौसाबाई तिच्या वहिनी व्हायच्या. तिचं माहेर वाईचं आणि सासर साताऱ्याचं, तेव्हा संध्याकाळ झाली की आई वाईला माहेरी असायची आणि तिला साताऱ्याला बाबांकडं परत जायचं असायचं. हौसाबाईंनी तिला अडवलं नाही. व्हय व्हय, जायाला तर पायजेच, म्हणाल्या, पण वन्सं, रिकाम्या वटीनं कसं धाडू? त्यांनी पाट मांडला. आईला पूर्वेकडं तोंड करून बसवलं. कनवटीचा करंडा काढून तिच्या कपाळाला कुंकू लावलं, पदरात पाच मुठी तांदूळ आणि नारळ घातला. नारळ रोजचा एकच, आतलं खोबरं सुटून गडगडत होतं. आईनं पदर दोन्ही हातांनी धरला, मान खाली घातली आणि अशी लाजली की मी बघतच राहिले. मग तिनं वाकून हौसाबाईंना नमस्कार केला. एवढं होईतो दिवस मावळला. हौसाबाईंनी बाहेर बघून कपाळावर हात मारला. आता गं बाई, दिवेलागण झाली की. तिन्हीसांजंला कुनी माहेरवाशीण वाटेला लावतं व्हय? सकाळच्या येष्टीनं जावा. आईला ते पटलं. पटणारच, तिच्या आईनंही तिला कधी तिन्हीसांजेला वाटेला लावलं नसेल. ती ओटी सांभाळत आत गेली, जेवली आणि निजली.

आता यात वाईट काय होतं? काहीही नाही. पण आई विधवा होती, अकरा वर्षं. आणि हौसाबाईही विधवा. कपाळ रिकामं दिसू नये म्हणून त्यांनी पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला होता. एक विधवा दुसरीला कुंकू लावून तिची ओटी भरत होती. शाळेतल्या हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवा म्हणून दरवर्षी भांडणारी मी. त्या संध्याकाळी मात्र माझ्या तोंडून आमच्या आजीला शोभेल असं बोलणं बाहेर पडलं. तुम्हाला रीतभात काही आहे की नाही, मी म्हटलं, माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली, हा त्यांचा अपमान आहे, माझ्या आईची तुम्ही बाहुली केलीत. हौसाबाईंनी पाट उचलून भिंतीला लावला. कुंकवाचं निमित्त होतं. तिची ती लाजलेली मान माझ्यापुढं कधी झुकली नव्हती, ती यांच्यापुढं झुकली, हे मला सहन झालं नाही.

सकाळी मी आईला घेऊन सांगलीला आले. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. डॉक्टरबाई नको म्हणत होत्या. हौसाबाईंनी आईची पिशवी भरून एसटीपर्यंत आणून दिली आणि एवढंच म्हणाल्या की चार वाजता जरा संबाळा.

चार वाजले. आई पिशवी घेऊन दाराशी उभी. मी प्रेमानं सांगितलं, आई, हेच तुझं घर. ती म्हणाली, हे वाट बघत असतील. मी टीव्ही लावला, पत्ते काढले, लाडू पुढं केले. ती दार हलवत राहिली. जिन्यातल्या शेजारणी डोकावायला लागल्या. शेवटी मी तिचे खांदे धरले आणि खरं ते सांगितलं. बाबा नाहीत आई. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली.

आईनं दार सोडलं. माझ्याकडं बघून अगदी शहाण्या माणसाच्या आवाजात तिनं विचारलं, “कधी? मला कुणी कळवलं कसं नाही?”

मग ती खाली बसली आणि पदरानं कपाळ पुसायला लागली. आदल्या संध्याकाळचं कुंकू थोडं राहिलं होतं. ते पुसलं गेलं तरी ती पुसतच होती, कातडी लाल झाली तरी. मी तिचे हात धरले, ते तिनं सोडवून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती सगळं विसरली. चार वाजता पुन्हा दार. हे वाट बघत असतील. आणि मी पुन्हा सांगितलं. हो, सांगितलं. विज्ञानाची बाई ना मी, खोटं बोलायचं नाही असं माझं ठरलेलं. पुन्हा तेच, कधी, मला कळवलं कसं नाही, आणि पदर कपाळावर. तिसऱ्या दिवशीही. तीन दिवसांत तीनदा मी माझ्या आईला विधवा केलं. चौथ्या दिवशी तिनं विचारलं नाही. मला वाटलं, चला, शेवटी पटलं. पण तिनं जेवणही सोडलं. बातमी तिला आठवत नव्हती, दुःख मात्र राहून गेलं होतं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पाणी चमच्यानं. नवरा एक दिवस माझ्यावर पहिल्यांदाच ओरडला, कुंदा, तुझ्या हट्टापायी ती जाईल. अकराव्या दिवशी आम्ही टॅक्सी केली आणि मलकापूर गाठलं.

वाटभर मी हौसाबाईंना काय उत्तर द्यायचं ते घोकत होते. त्या बोलतील, टोमणे मारतील, मग मीही ऐकवीन. त्या फाटकात आल्या, गाडीत डोकावल्या, आईचं खपाटीला गेलेलं पोट बघितलं.

“आलासा? बरं झालं,” म्हणाल्या, “पाणी तापलंयच.”

बस्स. त्यापेक्षा त्यांनी माझ्या मुस्कटात मारली असती तरी चाललं असतं.

आईला त्यांनी न्हाऊ घातलं, केस विंचरले, मऊ भात दुधात कालवून बोटभर तिच्या ओठांना लावला. पहिला घास बाहेर आला. दुसरा गेला. मी दाराशी उभी होते, आत जायचं धाडस होत नव्हतं. आई झोपल्यावर त्या बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. खुर्चीवर त्या कधी बसायच्या नाहीत. मग आपणहून बोलल्या. सासूला सात वर्षं म्हातारचळ होता म्हणे. घरातली माणसं तिला खाटेला बांधायची. या सोडायच्या आणि दिवसभर तिच्याशी भांडायच्या. ती म्हणायची माझं तान्हं पोर कुठंय, या म्हणायच्या, तुमचं पोर पन्नाशीचं झालंय, ते काय बसलंय.

“खऱ्यापायी लय भांडले ताई मी. म्हातारी मेली तवा कळलं, खरं समदं माझ्यापाशी ऱ्हायलं, आन ती एकटीच गेली.”

मी रडले. संध्याकाळी त्यांनी पाट मांडला, तांदूळ आणले आणि करंडा माझ्या हातात दिला. तुमी लावा. आईच्या कपाळावर अजून खरचटल्याची खूण होती. मी कुंकू लावलं. आईनं माझ्याकडं बघितलं आणि हौसाबाईंना विचारलं, ही कोण?

तुमीच वळखा की, हौसाबाई म्हणाल्या.

आईनं थोडा विचार केला. “चांगली आहे. हात हलका आहे हिचा.”

चाळीस वर्षांत आईनं मला चांगलं म्हटलं ते हे. तेही मला नव्हे, हौसाबाईंना उद्देशून.

असं वाटेल की त्या दिवसापासून माझा मत्सर गेला. छे. उलट वाढला. आधी मी त्या बाईला अडाणी म्हणून मोकळी होत होते, आता तेवढीही सोय राहिली नाही. मी परीक्षा घेणं सोडलं. रविवारी व्हरांड्यात पाऊल टाकलं की आई उठून उभी राहायची, या बाई, बसा, आणि मीही बसायची, अधिकाऱ्यासारखी. हजेरी विचारायची, छपराची गळती विचारायची. आई उत्साहानं सगळं सांगायची. एकदा मी न राहवून विचारलं, बाई, तुम्हाला मुलं किती? एक मुलगी, आई म्हणाली, सांगलीला असते, शिक्षिका आहे. कशी आहे? हट्टी आहे, म्हणाली, पण हुशार. माझ्याहून हुशार. मग आवाज खाली आणून म्हणाली, येत नाही हो भेटायला. येते येते म्हणते, फार वाट बघते मी.

मी तिच्यासमोर बसले होते. आणि मला त्या सांगलीच्या कुंदाचाही हेवा वाटला, जिची ती एवढी वाट बघत होती. हौसाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या.

आई थंडीत गेली. फडात तोड चालू होती, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या. शाळेत मधल्या सुट्टीत निरोप आला, मी एसटी धरली, पण गाड्यांच्या रांगेत अडकून पोचायला उशीर झाला. हौसाबाईंनी तिला न्हाऊ घालून ठेवलं होतं. सगळं त्यांनी बघितलं होतं, शेवटचं पाणीही त्यांनीच पाजलं होतं. मी आईच्या पायांशी बसले आणि लाज वाटेल पण सांगते, तेव्हाही माझ्या मनात हेच होतं की या बाईला मिळालं, मला नाही.

चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिचे कपडे आणायला गेले. हौसाबाईंसाठी नऊवारी पातळ नेलं होतं. त्या व्हरांड्याच्या पायरीवर कुणा नव्या बाईंच्या केसांना तेल लावत होत्या. आईच्या खाटेवर आलेल्या. मी पातळ दिलं, त्यांनी कपाळाला लावून बाजूला ठेवलं. मग मी उभ्या उभ्याच विचारलं. शेवटी आई काही बोलली का?

हौसाबाईंचा तेलाचा हात थांबला. त्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबायच्या तशा थांबल्या आणि माझ्या तोंडाकडं नीट बघत राहिल्या.

“तुमचं नाव घेतलं की,” त्या म्हणाल्या. “कुंदा आली का, म्हनल्या. म्या सांगितलं, आली, ही काय हितंच बसलीया. मग हात धरला माझा.”

मी पायरीवर बसले. आणि बसता बसता कळलं की त्या माझ्याकडं कशा बघत होत्या. सुभेदारांकडं बघायच्या तशा. चार वाजता पिशवी घेऊन निघालेल्या आईकडं बघायच्या तशा. मी काय हाक मारते ते त्यांनी ऐकलं होतं.

“खरंच हौसाबाई?”

“व्हय,” त्या म्हणाल्या.

‘न्हाई’ म्हणायला त्यांची जीभ बाकीच्या जगापुढं किती सहज वळायची ते मला माहीत होतं. पुन्हा विचारलं नाही मी. इतकी वर्षं झाली, अजूनही मला वाटतं आई माझं नाव घेऊन गेली. दुसरं काही वाटून घ्यायची माझी तयारी नाही.

तेवढ्यात त्या नव्या बाईंनी, डोळे मिटूनच, आई, झालं का गं, असं विचारलं. झालं गं माझे बाय, येकच पेड ऱ्हायला, म्हणत हौसाबाईंनी त्यांचं डोकं आपल्या गुडघ्याला टेकवलं. आईशी बोलायच्या तोच आवाज. मी कपड्यांची पिशवी घेतली, येते म्हटलं आणि फाटकापर्यंत आले. तिथं मला त्या अनोळखी म्हातारीचा असा काही हेवा वाटला की पाऊल पुढं पडेना. हौसाबाईंनी एकदा तरी मान वर करून माझ्याकडं बघावं म्हणून मी फाटकाला धरून उभी राहिले. कराडची एसटी वाजली, थांबली, गेली. त्यांनी बघितलं नाही. पेड घालायचा राहिला होता.